‘गोष्ट चांगलीये हो, पण एका वाक्यात सांगताच येत नाही!’

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी ३१ वर्षांची आहे, बाकी ओळख गाळतेय. नोकरी सांभाळून, रात्री जागून तिने दोन वर्षांत एक रोमँटिक कॉमेडी लिहिलीये, ११८ पानांची पटकथा. नायिका वेडिंग प्लॅनर आणि तिच्याच धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. नवऱ्यामुलाचा भाऊ जनावरांचा डॉक्टर, त्याच्यासोबत कायम एक तीन पायांचा कुत्रा. हे दोघं लग्नाच्या गडबडीत भेटतात, येताजाता भांडतात, आणि ४७व्या पानावर कळतं की हे लग्न दोघांनाही नकोय, कारण ही जोडी सहा महिनेसुद्धा टिकणार नाही याची दोघांनाही खात्री आहे. मग दोघं मिळून लग्न मोडायचा घाट घालतात आणि त्या नादात स्वतःच प्रेमात पडतात. ओळखीतले एक निर्माते म्हणाले, आधी लॉगलाइन पाठवा, म्हणजे गोष्टीचा गाभा सांगणारी एक-दोन वाक्यं. तिने पाठवली: ‘दोन पूर्णपणे भिन्न स्वभावाच्या व्यक्ती एका लग्नात भेटतात आणि त्यांचं आयुष्य कायमचं बदलून जातं. प्रेम, मैत्री आणि नात्यांची हलकीफुलकी धमाल गोष्ट.’ उत्तर तीन शब्दांत आलं: ‘यात वेगळं काय?’ त्यानंतर तिने चाळीस लॉगलाइन्स लिहिल्या आणि सगळ्या खोडल्या. आता तिचं म्हणणं असं, की ही गोष्ट एका वाक्यात मावणारीच नाही, ती अनुभवायची आहे. लग्न मोडायचा प्लॅन हा तर ट्विस्ट, तो आधीच फोडला तर उरलं काय? आयडिया कोणी ढापली तर? लॉगलाइन विनोदी लागते का? सुरुवात नायकापासून की नायिकेपासून? आणि शेवटी, ‘मला बहुतेक लिहिताच येत नाही.’

---

अगं, ‘अगंतुगं केलंत तरी चालेल’ असं तूच लिहिलंयस म्हणून सरळ सुरू करते. शेवटच्या वाक्यापासून सुरू करू, कारण मला तेच सगळ्यात कमी पटलं. जिला लिहिता येत नाही ती नोकरी करून ११८ पानं संपवत नाही. आणि तुझं पत्र, खरं सांगते, तुझ्या लॉगलाइनपेक्षा दहापट भारी आहे, त्यात मला गोष्ट चार ओळींत कळली आणि पुढे काय होतं असं विचारावंसंही वाटलं. म्हणजे सांगता येतं तुला. ‘लॉगलाइन’ असा शब्द आला की मात्र तू कडक इस्त्रीचे कपडे घालून उभी राहतेस आणि ‘भिन्न स्वभावाच्या व्यक्ती’ वगैरे बोलायला लागतेस. घरी कोणाला सांगताना तू ‘व्यक्ती’ म्हणतेस का कधी?

मी मधे काही वर्षं एका निर्मितीसंस्थेसाठी पटकथा वाचायचं काम केलंय. रोज एक गठ्ठा यायचा, प्रत्येक पटकथेवर एक पानाचा अहवाल लिहायचा आणि त्या पानाच्या डोक्यावर लॉगलाइन. लेखकाने दिली नसेल तर ती आम्ही लिहायची. एक गोष्ट तिथे लवकर कळली, ज्या पटकथेची लॉगलाइन मला पाच मिनिटांत लिहिता यायची नाही तिच्यात बहुतेक वेळा मधेच कुठेतरी खड्डा असायचा. दरवेळी असंच होतं असं नाही म्हणणार, एकदोन फार सुंदर अपवाद वाचलेत. पण बहुतेक वेळा. म्हणून माझा पहिला संशय तुझ्या वाक्यावर नाहीये, तुझ्या ४७व्या पानावर आहे. तिकडे येतेच.

आधी त्या निर्मात्यांबद्दल. तुला ते उत्तर खडूस वाटलं, मला अगदी प्रामाणिक वाटलं. तू पाठवलेल्या ओळीत लग्न हा एक शब्द सोडला तर तुझ्या पटकथेतलं काहीच नाहीये! भिन्न स्वभावाच्या दोन व्यक्ती भेटणं आणि आयुष्य बदलणं हे जगातल्या प्रत्येक रोमँटिक कॉमेडीत होतं, नाही झालं तर ती रोमँटिक कॉमेडीच नाही. ‘हलकीफुलकी’ आणि ‘धमाल’ ही तर आपण आपल्याच पाठीवर मारलेली थाप झाली, धमाल आहे की नाही ते वाचणारा ठरवेल ना.

आता मुख्य मुद्दा. थ्रिलरच्या लॉगलाइनमध्ये एक आयता प्रश्न असतो, खुनी सापडेल का, बॉम्ब फुटेल का. रोमँटिक कॉमेडीत तो प्रश्नच नसतो गं. दोघं एकत्र येणार हे पोस्टर बघूनच कळलेलं असतं, तिकीट काढणाऱ्यालाही माहितीये, निर्मात्यालाही माहितीये. त्यामुळे ‘ते प्रेमात पडतात’ ही बातमी म्हणून विकायला गेलीस तर कोणी घेणार नाही. विकायचं काय, तर इतके एकमेकांना शोभणारे दोघं आत्ता, या क्षणी, एकत्र का येऊ शकत नाहीत. आणि ते कारण असं पाहिजे की ऐकणाऱ्याला हसूही यावं आणि ‘अरे देवा, आता?’ असंही वाटावं. मला आवडलेल्या बहुतेक रोमँटिक कॉमेडीत एक गाठ असते, जी गोष्ट दोघांना जवळ आणते तीच त्यांना एक होऊ देत नाही.

उदाहरण देते, १९९५चा ‘व्हाइल यू वेअर स्लीपिंग’. एकटी राहणारी, रेल्वे स्टेशनवर टोकन विकणारी मुलगी रोज दिसणाऱ्या एका देखण्या माणसावर लांबूनच जीव टाकत असते. तो रुळांवर पडतो, ती त्याला वाचवते, तो कोमात जातो आणि हॉस्पिटलमध्ये गैरसमजातून त्याच्या घरच्यांना वाटतं की ही त्याची होणारी बायको. तिला आयुष्यात पहिल्यांदा भरलेलं घर मिळतं, त्यामुळे खरं सांगवत नाही. आणि मग ती त्याच्या भावाच्या प्रेमात पडते. बघ आता, खोटं बोलली म्हणून तो भाऊ भेटला, आणि खोटं बोलली म्हणूनच त्याला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ सांगता येत नाही. खरं सांगितलं तर घर जाणार, नाही सांगितलं तर तो जाणार. स्वभाव भिन्न आहेत का, कोणी विचारतंय तरी का?

आपल्याकडचं ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घे, ती काही निव्वळ प्रेमकथा नाही, पण यंत्र तेच. घरमालकीण फक्त जोडप्यांना जागा देणार म्हणून चौघांतले दोघं साड्या नेसतात. एवढं सांगितलं की पुढचे निम्मे प्रसंग ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप सुरू होतात. चांगल्या लॉगलाइनने हेच काम करायचं असतं, ऐकणाऱ्याला स्वतःच प्रसंग सुचायला लागले पाहिजेत.

आता तुझ्या गोष्टीत ही गाठ आहे का? मी पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना ओरडलेच, अगं आहे की! लग्न मोडायचं म्हणून दोघं रोज भेटतायत, त्याशिवाय भेटायचं दुसरं कारणच नाही. आणि लग्न खरंच मोडलं तर? दोन्ही घरं आयुष्यभर एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, त्यात मोडलं कोणी तर या दोघांनी, मग या दोघांचं लग्न कोण लावून देणार? म्हणजे प्लॅन फसला तर बहिणीच्या आयुष्याचं वाटोळं आणि यशस्वी झाला तर स्वतःच्या प्रेमाचं. हे तू लिहिलंयस, आणि लॉगलाइनमध्ये काय ठेवलंस, तर ‘भिन्न स्वभाव’. सोन्याची नाणी कपाटात ठेवून बाजारात रिकामी थैली घेऊन गेलीस तू.

का ठेवलीस कपाटात? कारण तुझ्या मते तो ट्विस्ट आहे. इथे मला तुझ्याशी जरा वाद घालायचाय. ट्विस्ट म्हणजे माहिती असलेल्या गोष्टीचा अर्थ फिरवणारी नवी माहिती. लग्न मोडायचा प्लॅन कशाचा अर्थ फिरवतो? कशाचाच नाही, तिथून तर तुझी गोष्ट सुरू होतेय. ज्यावर सिनेमाचा निम्म्याहून जास्त भाग उभा आहे ती गोष्ट लपवायची नसते, ती पाटीवर लिहायची असते. लपवायचं असेल तर शेवट लपव, बहिणीला हे सगळं आधीपासून माहीत होतं वगैरे काही असेल तर ते लपव. लॉगलाइनने वाचणाऱ्याला पेचापर्यंत नेऊन सोडायचं असतं, पेच सुटला कसा ते तिथे नको. ते सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे पूर्ण गोष्टीच्या सारांशात, आणि सिनॉप्सिसमध्ये मात्र शेवट लिहावाच लागतो, तिथे ‘पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहा’ लिहिणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून तसं करू नकोस. आणि पोस्टरवर असते ती टॅगलाइन, तिने नुसतं गुदगुल्या करून पळून जायचं असतं. तुझ्या चाळीसपैकी ज्या आठ-दहा तू पत्राला जोडल्यास त्यातल्या निदान चार टॅगलाइन्स आहेत. ‘कधी कधी प्रेम जमवायला लग्न मोडावं लागतं’, ही मस्त आहे, जपून ठेव, पण कोण, कुठे, कशासाठी यातलं एकही उत्तर त्यात नाही.

बरं, आता ते ४७वं पान. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, हा अंदाज तुलाही माहीत असेल. म्हणजे तुझ्या सिनेमात पाऊण तासापर्यंत दोघं नुसते भांडतायत आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होतेय. लॉगलाइन लिहिताना तुझा हात अडखळतो तो इथे, कारण मनातून तुला सुरुवातीची ४७ पानं पण त्या ओळीत बसवायचीयेत आणि ती बसत नाहीयेत, बसणारच नाहीत.

तुझ्यासमोर मला तीन रस्ते दिसतात. एक, प्लॅन ठरण्याचा प्रसंग अलीकडे ओढायचा, पंचवीस-तीसाव्या पानाच्या आसपास. एकूण लांबीच्या पहिल्या चतुर्थांशात मुख्य पेच सुरू व्हावा असा साधारण रिवाज आहे आणि तो काही उगाच पडलेला नाही, प्रेक्षक चुळबुळायला लागतो. यात तुझे भांडणाचे काही लाडके सीन जातील. दुखेल. दोन, जो मला जास्त आवडतो, ४७वं पान तिथेच ठेवायचं पण त्याआधी दोघांनाही आपापल्या परीने, एकमेकांना न कळता, लग्न मोडायच्या मागे लावायचं. प्रेक्षकाला दोघांचंही माहीत, त्यांना मात्र एकमेकांचं माहीत नाही. ती हॉलचं बुकिंग गुपचूप रद्द करते आणि त्याच वेळी तो त्याच हॉलवाल्याला फोन करून तारीख बदलून घेतो, आणि दोघांच्या कृपेने हॉल नेमका पहिल्याच तारखेला पक्का होऊन बसतो, असलं काहीतरी. मग भांडणंसुद्धा नुसती भांडणं राहत नाहीत आणि ४७व्या पानावर ‘म्हणजे तो तू होतास?’ असा खणखणीत सीन मिळतो. हा बदल केलास तर तुझा ट्विस्टचा हट्टही जरासा पुरा होतो. तिसरा रस्ता म्हणजे पटकथेला हात न लावता नुसती लॉगलाइन लग्न मोडायच्या प्लॅनवर लिहायची. हा रस्ता सोपा आहे आणि त्यात एक धोका आहे, त्यांनी ओळ वाचून पटकथा मागवली आणि पाऊण तास वाट बघूनही कबूल केलेली गोष्ट सुरूच झाली नाही तर पुढच्या वेळी तुझा मेल उघडला जाणार नाही. तरी तारीख जवळ आली असेल तर हेही करून बघ, मी काही पोलीस नाही.

नायक की नायिका, हा प्रश्न तू विचारलास. रोमँटिक कॉमेडीत दोघंही बरोबरीचे असतात हे खरं, पण वाक्याला एकच कर्ता बरा दिसतो. मी एकच बघते, जास्त गमावणार कोण? तुझ्या गोष्टीत त्याचं फार तर भावाशी भांडण होईल. तिचं बघ, धंदा लग्नं लावायचा आणि मोडतेय लग्न, तेही सख्ख्या बहिणीचं. नाव गेलं, बहीण गेली, आणि तो गेला. म्हणजे तीच. आणि नावं लिहू नकोस, ‘सायली’ म्हटल्याने मला काही कळत नाही, ‘वेडिंग प्लॅनर’ म्हटल्याने कळतं. सोबत एखादं विशेषण लाव, पण असं जे पुढच्या पेचाशी टक्कर घेईल. ‘हुशार वेडिंग प्लॅनर’, ‘स्वावलंबी वेडिंग प्लॅनर’ यातून काही घडत नाही. ‘आजवर एकही लग्न मोडू न दिलेली वेडिंग प्लॅनर’ म्हटलं आणि तिच्यावर लग्न मोडायची वेळ आणली की तिथेच विनोद झाला. लॉगलाइन विनोदी असावी का याचं माझं उत्तर हेच. ओळीत कोटी करायची नाही, परिस्थितीच अशी मांडायची की समोरचा गालात हसला पाहिजे.

तो जनावरांचा डॉक्टर आहे हे लॉगलाइनमधून काढ. कितीही गोड असलं तरी त्याच्या डॉक्टर असण्याने पेच बदलत नाही. तू तिसऱ्या खर्ड्यात कुत्र्यालाही घेतलंयस, त्याचे पाय मोजलेस, वाक्याचे पाय मात्र मोडले.

आता मराठीत लिहिण्याबद्दल थोडं, हे फारसं कोणी सांगत नाही. इंग्रजीतले साचे नेटवर ढिगाने मिळतात, ‘जेव्हा अमुक घडतं तेव्हा तमुकला ढमुक करावं लागतं’ छापाचे, आणि आपण ते जसेच्या तसे मराठीत आणतो. तू पण आणलेस, सतरा नंबरची बघ: ‘जेव्हा एका वेडिंग प्लॅनरला तिच्या बहिणीच्या लग्नाबद्दल शंका येते, तेव्हा तिला एका अनपेक्षित साथीदारासोबत एक अशक्य निर्णय घ्यावा लागतो.’ ही भाषा सरकारी पत्रकाची झाली ना? शिवाय ‘अशक्य निर्णय’ म्हणजे कुठला ते सांगायचं सोडून तू त्यावर झाकण ठेवलंस. जिथे जिथे ‘अनपेक्षित’, ‘अशक्य’, ‘कायमचं’, ‘नियती’ असे शब्द येतील तिथे थांब आणि विचार, म्हणजे नक्की काय? जे उत्तर येईल ते तिथे लिही.

दुसरी खास आपली खोड म्हणजे ‘असलेल्या’ आणि ‘-ची गोष्ट’. लग्नं जमवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या व बहिणीच्या ठरलेल्या लग्नाविषयी साशंक असलेल्या वेडिंग प्लॅनरची व नवरदेवाच्या भावाची एकत्र येऊन घडणारी गोष्ट. हुश्श! संपूर्ण वाक्यात कोणी काही केलंच नाही, सगळे नुसते ‘असलेले’ आहेत. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे एकाच लांबलचक वाक्यात सगळं कोंबलं की वाचणाऱ्याला मुद्दा कळेपर्यंत दम लागतो. सरळ छोटी छोटी क्रियापदं वापर, ठरवते, हात मिळवते, प्रेमात पडते, आणि ‘पण’ हा शब्द जपून, एकदाच, योग्य जागी. इंग्रजीत पंचवीस ते पस्तीस शब्द असा साधारण अंदाज सांगतात, आपल्याकडे विभक्ती शब्दालाच चिकटते म्हणून त्याहून थोडे कमीच लागतात. मोजत बसण्यापेक्षा मोठ्याने वाच, एका दमात झालं पाहिजे, फार तर मधे एकदा श्वास.

चल, एकदा लिहून बघू. मी कच्चं कच्चं लिहिते.

‘एक वेडिंग प्लॅनर बहिणीचं लग्न मोडायला नवऱ्यामुलाच्या भावाची मदत घेते आणि त्याच्या प्रेमात पडते.’ ठीक. गोष्ट कळली, पण इथे सगळं छान चाललंय, अडलंय कुठे? प्रेमात पडली, मज्जा आहे.

‘आजवर एकही लग्न मोडू न दिलेली वेडिंग प्लॅनर बहिणीचं लग्न मोडायला नवऱ्यामुलाच्या भावाशी हात मिळवते आणि त्याच्याच प्रेमात पडते, पण लग्न मोडलं तर दोन्ही घरांचे संबंध कायमचे संपणार असतात.’ आता पेच आला. शेवट मात्र ढिला आहे, ‘संबंध संपणार असतात’ म्हणजे बातमीपत्र वाटतं, तिला काय त्याचं? आणि घाई कसलीच नाही, लग्न पुढच्या वर्षी असलं तर आरामात मोडू. घड्याळ लाव.

‘आजवर एकही लग्न मोडू न दिलेली वेडिंग प्लॅनर आठ दिवसांवर आलेलं बहिणीचं लग्न मोडायला नवऱ्यामुलाच्या भावाशी हात मिळवते आणि त्याच्याच प्रेमात पडते. आता लग्न लागलं तर बहीण फसणार, मोडलं तर तो हातचा जाणार.’

ही मला बरी वाटते. घासून गुळगुळीत नाहीये, ‘हातचा जाणार’ तुला चालेल की नाही माहीत नाही, तुझ्या पटकथेत आठ दिवस आहेत की महिना तेही तू लिहिलं नाहीस. ही उचलून पाठवू नकोस. तू तुझी लिही, मी फक्त कुठे कात्री लावली आणि का ते दाखवलं.

लिहिलीस की ती कोणाला वाचायला देऊ नकोस, ऐकव. जिने पटकथा वाचलेली नाही अशा कोणालातरी, सहज बोलता बोलता, आणि संपलं की गप्प बस. अजिबात समजावून सांगायचं नाही, ओठ चावून बस हवं तर. समोरून ‘मग?’ असं आलं तर जमलं. ‘म्हणजे?’ असं आलं तर काहीतरी गोंधळ आहे, कोण कोणाचा भाऊ ते कळलं नसेल, दुरुस्त होण्यासारखं आहे. आणि ‘अरे वा, छान’ असं आलं तर मेलं, सरळ नवीन लिही. मी स्वतः माझ्या पहिल्या पटकथेची लॉगलाइन एका ज्येष्ठ दिग्दर्शकांना ऐकवली होती, चार पात्रांच्या नावांसकट, वर दोन उपकथानकं. ते शांतपणे म्हणाले, ‘सगळं कळलं, फक्त कोणाला काय हवंय ते सांग.’ मला सांगता येईना. घरी येऊन सहा महिन्यांचं काम पुन्हा उपसावं लागलं, तेव्हा रागही आला होता.

चोरीची भीती. भीती चुकीची नाही, पण त्यावरचा तुझा उपाय चुकीचा आहे. कॉपीराइट नुसत्या कल्पनेला मिळत नाही, ती कल्पना तू ज्या रीतीने लिहिलीस त्या लिखाणाला मिळतो, म्हणून पूर्ण पटकथा लेखक संघटनेकडे रीतसर नोंदवून ठेव, मेलामेली जपून ठेव, कोणाला कधी काय पाठवलं ते तारखेसकट लिहून ठेव. आणि मग मोकळेपणाने सांग. गोष्ट लपवून ठेवलेली लॉगलाइन कोणी चोरणार नाही हे खरंच आहे, पण ती कोणी विकतही घेणार नाही.

तू लिहिलंयस, मैत्रीण म्हणते एआयला विचार. विचार की. वीस लिहून घे आणि त्या वीस बाजूला ठेव, हे इतर सगळ्यांनाही सुचणार आहे म्हणून. कारण ते यंत्र तुझं ते हॉलचं बुकिंग आणि ती बहीण बघून लिहीत नाही, ते सरासरी लिहितं, आणि सरासरीवर ‘यात वेगळं काय’ हे उत्तर तुला एकदा मिळालंय. ‘अमका सिनेमा अधिक तमका सिनेमा’ ही पद्धत बोलण्यात एकदा वापरायला हरकत नाही, समोरच्याला सूर कळतो, पण लॉगलाइनच्या जागी ती नको. त्यांना त्यातला एक सिनेमा आवडला नसेल तर संपलंच.

आणि हो, ‘ही गोष्ट अनुभवायची आहे, एका वाक्यात मावणारी नाही’. खरंय तुझं, कुठलीच गोष्ट मावत नाही. दाराची बेल वाजवल्यावर पूर्ण घर काही दिसत नाही, पण दार उघडावंसं तरी वाटलं पाहिजे ना आतल्याला. तुझ्यासारखी आणखी तीन पत्रं या महिन्यात आलीयेत, एकाची कौटुंबिक गोष्ट आहे, एकाची वेब सिरीज, आणि तिघांचंही हेच वाक्य. त्या तिघांनीही आधी एवढंच करून बघावं: पटकथा मिटून ठेवायची, आणि माझ्या मुख्य पात्राला काय हवंय, ते मिळवायला ते काय करतं, आणि नेमकं त्यामुळेच काय बिघडतं, हे बोली भाषेत, फोनवर सांगितल्यासारखं रेकॉर्ड करून ऐकायचं. जिथे आपला आवाज ‘म्हणजे ते असं की…’ म्हणायला लागतो तिथे खूण करायची. ती खूण बहुतेक पटकथेतल्याच एखाद्या पानावर जाऊन बसते.

त्या निर्मात्यांना परत पाठवायचं की नाही? पाठव, पण लगेच नको. आधी रस्ता एक की दोन ते ठरव आणि पटकथा तशी करून घे. मग मेलमध्ये दोन ओळी, तुमच्या प्रश्नावर विचार केला, पटकथेत बदल केलाय, नवी लॉगलाइन खाली देतेय. एकच. पाच पर्याय पाठवून ‘तुम्हाला कुठली आवडते’ असं विचारू नकोस, तुझी गोष्ट कुठली ते तूच सांगायला हवं. आणि आधीच्या ओळीबद्दल माफी वगैरे मागू नकोस, ते कधीच विसरलेत.

कुत्र्याचं राहिलंच. लॉगलाइनमधून काढ म्हटलं म्हणून पटकथेतूनही काढशील, तसं करू नकोस बाई. तू नमुन्याला पाठवलेल्या पानांत तो कुत्रा भर बैठकीत नेमका रद्द झालेल्या बुकिंगची पावती तोंडात धरून येतो, तिथे मी एकटीच बसून हसले होते.